वांशिकवृंद : यादवकालीन वेणुवादकांचा ताफा व भिवापूर प्रांतींची बांसरी

हिंदुस्थानचें संगीत हें एकट्याचें संगीत आहे, अनेकांनीं मिळून वाजविण्याची कला पाश्चात्त्यांकडून आली, आणि बांसरी हें तर गुराख्याचें वाद्य, त्यास दरबारांत मान मिळाला तो अगदीं अलीकडे, असा समज आपल्या सुशिक्षित वर्गांत दृढ आहे. त्यास जोडून आणखी एक समज ऐकूं येतो. छिद्र अर्धवट उघडणें, छिद्रावर बोट थरथरविणें, फुंकर बदलून एकाच नळींतून दुहेरी ध्वनि काढणें, हे वेणुवादनांतील प्रकार विसाव्या शतकांतील युरोपीय वादकांनीं शोधून काढिले, असें सांगण्यांत येतें. हे दोन्ही समज ज्या एका ग्रंथाच्या आधारें तपासतां येतात तो ग्रंथ महाराष्ट्रांतच, देवगिरीच्या यादवांच्या आश्रयानें लिहिला गेला. त्यांतील वेणूविषयक भागाकडे आमच्या संशोधकांचें लक्ष जावें तितकें गेलें नाहीं, म्हणून हा लेख.

शार्ङ्गदेवाच्या संगीतरत्नाकराची ओळख या त्रैमासिकाच्या वाचकांस करून देण्याचें कारण नाहीं. ग्रंथकार सिंघण यादवाच्या (राज्यकाल इ. स. 1210 ते 1247 च्या सुमारास) पदरीं श्रीकरणाचा अधिकारी होता. त्याचा आजा भास्कर हा काश्मीरांतून दक्षिणेंत आला व पिता सोढल यानें यादवांची सेवा केली, हें तो स्वतःच सांगतो. ग्रंथाचे अध्याय सात. पैकीं सहावा वाद्याध्याय. कल्लिनाथाच्या टीकेसह संपूर्ण ग्रंथ पुण्याच्या आनंदाश्रमानें 1896–97 सालीं मंगेश रामकृष्ण तेलंग यांच्याकडून संपादून घेऊन दोन भागांत छापिला. पुढें अड्यारच्या ग्रंथालयानें सिंहभूपाल व कल्लिनाथ या दोघांच्याही टीका जोडून 1943 ते 1953 या काळांत चार खंडांत नवी आवृत्ति काढिली. म्हणजे छापील पाठाची वाण नाहीं. तथापि संगीताच्या अभ्यासकांनीं स्वराध्याय व रागाध्याय यांवर जितकी शाई खर्चिली तिचा दशांशही वाद्याध्यायाच्या वांट्यास आला नाहीं. याचें कारण उघड आहे. वाद रागांचा होता. रत्नाकरांतील शुद्ध मेळ कोणता, याचा निर्णय होईना, आणि तो झाल्यावांचून तेथील राग आजच्या गळ्यांत उतरेनात. पण ज्या ग्रंथाचे राग हातीं लागत नाहींत त्याच ग्रंथांतील वाद्यें अंगुळांनीं मोजून दिलेलीं आहेत. वाद मिटेपर्यंत नळीचें माप थांबून राहात नाहीं! रागाध्यायापेक्षां वाद्याध्याय अधिक पडताळतां येण्याजोगा आहे, असें आमचें मत आहे.

या मापांत श्रीकरणाधिकाऱ्याचा हात दिसतो, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. हिशेबाचें खातें सांभाळणारा मनुष्य नळीवर अर्ध्या अंगुळाचाही जाब मागतो. वेणु वेळूचा असावा, अथवा खदिराचा, चंदनाचा, रक्तचंदनाचा, हस्तिदंताचा किंवा धातूचा. तो सरळ, गोल, गांठ व चीर यांवांचून असावा. आंतील पोकळी सर्वत्र सारखी व करांगुलीच्या बेताची असावी. शिरापासून दोन, तीन किंवा चार अंगुळें सोडून एक अंगुळाचें फुंकरीचें रंध्र पाडावें. त्यापुढें ठराविक अंतरावर ताररंध्र, व त्यापुढें अर्ध्या अर्ध्या अंगुळाच्या अंतरानें बोराच्या बीएवढीं आणखी सात रंध्रें पाडावीं. या आठांपैकीं शेवटचें वायु बाहेर जाण्यासाठीं, बाकीचीं सात स्वरांसाठीं.

येथें विदर्भांतील वाचकास एक शंका येईल, आणि ती रास्त आहे. आमच्या पूर्वेकडील रानांतील वेळू बहुतांशीं जाड भिंतीचा व अरुंद पोकळीचा. कांहीं ठिकाणीं तर तो जवळजवळ भरीवच. लाठीस, घराच्या वाशास व बुरडाच्या टोपलीस तो उत्तम, पण करांगुलीएवढी सारखी पोकळी त्यांत सांपडणें कठीण. आजचे मैफलीचे वादकही वेळू आसामाकडून आणवितात. ग्रंथकारानें खैराचें लांकूड व धातु यांस मुभा दिली, तिच्या मुळाशीं वैभवाचें प्रदर्शनच होतें असें नाहीं. दख्खनच्या कोरड्या रानांतील वेळूची ही अडचणही असावी.

आतां वेणूच्या नांवांकडे वळूं. जुन्या पोथ्यांच्या संग्राहकांस हा भाग विशेष रुचेल. फुंकरीचें रंध्र व ताररंध्र यांतील अंतरावरून शार्ङ्गदेव पंधरा वेणु सांगतो : एक अंगुळाचा तो एकवीर, दोहोंचा उमापति, तिहींचा त्रिपुरुष, चारांचा चतुर्मुख, पांचांचा पंचवक्त्र, सहांचा षण्मुख, सातांचा मुनि, आठांचा वसु, नवांचा नाथेंद्र, दहांचा महानंद, अकरांचा रुद्र, बारांचा आदित्य, चौदांचा मनु, सोळांचा कलानिधि, आणि अठरांचा अष्टादशांगुल. हीं बहुतेक नांवें म्हणजे ज्योतिषांत व शिलालेखांत येणारे संख्यावाचक शब्दच आहेत. ज्यानें शके मोजतांना वसु, रुद्र, मुनि हे शब्द सोडविले आहेत त्यास ही यादी पाठ करावी लागत नाहीं. पण तींत तीन ठिकाणें अडतात, आणि त्या तीनही ठिकाणीं इतिहास आहे.

पहिलें ठिकाण नवांचें. नऊ या संख्येस नंद, ग्रह, रंध्र, निधि असे किती तरी रूढ शब्द आहेत. ते सर्व सोडून ग्रंथकार नाथेंद्र हा शब्द घेतो. नऊ नाथांची कल्पना ज्यास परिचित आहे अशा वाचकालाच हा शब्द नवांचा वाचक म्हणून कळेल. म्हणजे तेराव्या शतकाच्या पूर्वार्धांत देवगिरीच्या दरबारीं नवनाथ ही संख्या संकेतशब्द होण्याइतकी रूढ झाली होती, असें अनुमान निघतें. ज्ञानेश्वरी इ. स. 1290 ची, तिच्या पूर्वीं दोन पिढ्या, आणि तोही नाथपंथाशीं संबंध नसलेल्या वेणूच्या प्रकरणांत मिळणारा हा उल्लेख नाथसंप्रदायाच्या अभ्यासकांनीं टिपून ठेवण्यासारखा आहे.

दुसरें ठिकाण दहांचें. महानंद हा शब्द दहाचा वाचक नाहीं. मग तो येथें कसा? मतंगमुनींच्या नांवावर संगीतग्रंथांत आणखी एक यादी चालत आलेली आहे. तींत उत्तम वेणु चार : दहा अंगुळांचा महानंद, अकरांचा नंद, बारांचा विजय व चौदांचा जय, आणि त्यांच्या देवता अनुक्रमें ब्रह्मा, रुद्र, रवि व विष्णु. दोन्ही याद्या शेजारीं ठेवल्या म्हणजे गुंता सुटतो. महानंद हें एकच नांव दोहोंत समान आहे. अकरांच्या वेणूची देवता रुद्र, बारांची रवि. आणि शार्ङ्गदेवाच्या यादींत अकरांचें नांवच रुद्र व बारांचें आदित्य. याचा अर्थ असा कीं, चार वेणूंची जुनी परंपरा आधीं होती. तिच्यांतील देवतांवरून संख्यावाचक नांवें सुचलीं, व मग तोच क्रम खालीं व वर वाढवून पंधरांची पंक्ति तयार झाली. दहाच्या जागीं जुनें नांव जसेंच्या तसें राहून गेलें. घराची नवी बांधणी करतांना जुनी एक चौकट तशीच बसवावी, तसा हा प्रकार.

तिसरें ठिकाण तेरा, पंधरा व सतरा यांचें. हीं मापें यादींत नाहींत. शब्द सांपडला नाहीं म्हणून तीं गळलीं असें म्हणावें तर तेरांस विश्व व पंधरांस तिथि हे शब्द तयारच होते. तेव्हां ती गळती शब्दाची नसून ध्वनीची आहे. या मापांचे वेणु जाणत्यांनीं नापसंत केले होते. मतंगाच्या नांवावरील यादींतही बारांवरून एकदम चौदांवर उडी आहे, हें याच म्हणण्यास पोषक आहे. आणि शेवटच्या अठरांच्या वेणूस दैवत नाहीं, संकेतशब्द नाहीं, नुसतें मापाचें नांव आहे. ही भर सर्वांत शेवटची, असें आम्हांस वाटतें. चौदा अंगुळांच्या वेणूंत शीर व मुखरंध्र धरून पहिलें बोट पोहोंचेपर्यंतच सतरा अंगुळें जातात, अठरांच्यांत एकवीस. नळी जसजशी लांबली तसतसा सूर खालीं गेला. एकवीराच्या चिरक्या आवाजापासून ते या लांब नळीच्या गंभीर आवाजापर्यंतचा प्रवास कित्येक पिढ्यांचा असला पाहिजे. पोथ्यांचे लेखक या नांवांत गोंधळ करतात हें खरें; परंतु वरील हिशेब डोळ्यांपुढें असला म्हणजे कोणता पाठ शुद्ध हें संपादकास ताबडतोब ठरवितां येईल.

आतां वादनाचा विचार. भरताच्या नाट्यशास्त्रांत वेणूचा अध्याय लहानसा आहे, पण त्यांत एक मोठी गोष्ट सांगितलेली आहे. छिद्रावरून बोट पूर्ण उचललें असतां चतुःश्रुतिक स्वर, थरथरत ठेविलें असतां त्रिश्रुतिक, आणि अर्धें उचललें असतां द्विश्रुतिक स्वर निघतो. म्हणजे छिद्रें तींच, पण बोटांच्या तीन तऱ्हांनीं सूक्ष्म स्वरभेद साधावयाचा. शार्ङ्गदेव बोटांच्या पांच गति सांगतो : कंपिता, वलिता, मुक्ता, अर्धमुक्ता व निपीडिता. हीं नांवें केवळ अलंकारिक नव्हेत. निपीडिता म्हणजे दाबून बसविलेलें बोट व मुक्ता म्हणजे उचललेलें. या दोहोंच्या दरम्यान तीन पायऱ्या त्यानें नांव देऊन वेगळ्या केल्या आहेत. आज ज्यास आपण मींड व आंदोलन म्हणतों तें बांसरीवर कसें काढावें याचें हें शास्त्र होय.

फुंकरीचे गुण बारा आहेत : स्निग्धता, घनता, रक्ति, व्यक्ति, प्रचुरता, लालित्य, कोमलता, नादाचें अनुरणन, त्रिस्थानत्व, श्रावकत्व, माधुर्य व सावधानता. यांतील त्रिस्थानत्व हा शब्द आम्हांस महत्त्वाचा वाटतो. सात स्वररंध्रांच्या नळींतून मंद्र, मध्य व तार हीं तिन्ही स्थानें काढावयाचीं तर बोटांनीं तें काम भागत नाहीं. श्वासाचा जोर व ओठांची चीर बदलून तीच नळी वरच्या स्थानांत चढवावी लागते. वेणुवादनांतील अर्धी विद्या ओठांत आहे हें ग्रंथकारास ठाऊक होतें.

गुणांपेक्षां दोषांची यादी इतिहासकारास अधिक उपयोगी. जें कोणी करीतच नाहीं त्यास कोणी दोष म्हणून नांव ठेवीत नाहीं. निषेध हा प्रघाताचा पुरावा होय. धर्मशास्त्राच्या निबंधांवरून समाजाचा इतिहास लिहिणारे विद्वान् हाच न्याय लावितात, तो संगीतासही लावावयास हरकत नसावी. फुंकरीचे दोष चार : यमल, स्तोक, कृश व स्खलित. स्तोक म्हणजे अपुरी फुंकर, कृश म्हणजे बारीक, स्खलित म्हणजे मध्येंच तुटणारी. यमल म्हणजे जुळी : एका ध्वनीसंगें दुसरा ध्वनि उठणें. शिवाय कंपित, तुंबकी, काकी, संदष्ट व अव्यवस्थित असे आणखी पांच दोष इतरांच्या मतानें सांगितले आहेत. हीं पांचही नांवें गायकांच्या दोषांतही येतात. येथें एक बारीक भेद लक्षांत घ्यावा. कंपन बोटाचें असेल तर ती गति, फुंकरीचें असेल तर तो दोष. थरथर कोठें शोभते व कोठें शोभत नाहीं याचा असा काटेकोर निवाडा ज्या काळीं झाला त्या काळीं वेणुवादन हें गुराख्याचें मनोरंजन राहिलें नव्हतें, हें सांगावयास नकोच.

यमलाविषयीं थोडें विस्तारानें लिहितों. युरोपांत एडगार वारेझ यानें 1936 सालीं प्लॅटिनमच्या बांसरीसाठीं एकट्यानें वाजविण्याचा एक तुकडा रचिला व त्यांत फुंकरीवांचून नुसत्या चाव्या आपटून निघणारा आवाजही संगीतांत घेतला. 1967 सालीं ब्रूनो बार्तोलोझी यानें लांकडी फुंकवाद्यांतून एकाच वेळीं दोन वा अधिक ध्वनि काढण्याच्या रीतींवर स्वतंत्र पुस्तक लिहिलें, आणि तेव्हांपासून बांसरीच्या ताफ्यांसाठीं अशा ध्वनींचीं रचनाकार्यें तिकडे होऊं लागलीं. हे प्रयत्न मोलाचे आहेत. त्यांची निंदा करण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु एका नळींतून जुळे ध्वनि निघतात हें ज्ञान सातशें वर्षांपूर्वीं देवगिरीस होतें, त्यास नांवही होतें, आणि तेथील रसिकांनीं तें पारखून बाजूस सारिलें होतें. युरोपानें जें कौशल्य म्हणून उचललें तें आमच्याकडे दोष म्हणून टाकिलें गेलें, हा रुचीचा भेद आहे, अज्ञानाचा नव्हे. आणि हा निकाल दरबारचा होता. रानांतला निकाल वेगळा असूं शकतो : पालघर जिल्ह्यांतील वारल्यांचा तारपा पाहावा. भोपळ्यास दोन नळ्या जोडलेलें तें वाद्य. त्याचा वादक गालांत हवा सांठवून, नाकानें श्वास घेत, सूर न तोडतां नाच चालेपर्यंत वाजवितो. तारपा जिभलीचा, वेणूच्या जातीचा नव्हे. पण तुंबकी या शब्दाची व्युत्पत्ति शोधणाऱ्यानें गाल फुगविलेला तारपेवाला एकवार पाहून ठेवावा.

आतां मुख्य विषय, म्हणजे ताफा. रत्नाकराच्या तिसऱ्या अध्यायांत वृंदाचे प्रकार आहेत. उत्तम वृंदांत मुख्य गायक चार, त्यांस साथ करणारे समगायक आठ, गायिका बारा, वेणुवादक चार व मृदंगी चार, मिळून बत्तीस. मध्यम वृंद याच्या निम्मा. कनिष्ठ वृंदांत मुख्य गायक एक, समगायक तीन, गायिका चार, वेणुवादक दोन व मृदंगी दोन, मिळून बारा. उत्तमाहून मोठा जो वृंद त्यास ग्रंथकारानें कोलाहल असें नांव दिलें आहे. श्रीकरणाधिपतीस विनोदाचें वावडें नव्हतें! या आंकड्यांत एक गोष्ट सहज डोळ्यांत भरत नाहीं, ती अशी. उत्तम वृंदांत चोवीस कंठांमागें चार वेणु, म्हणजे सहांस एक. कनिष्ठांत आठ कंठांमागें दोन, म्हणजे चारांस एक. वृंद लहान झाला तसें वेणूचें प्रमाण वाढलें. यावरून वेणु हा शोभेसाठीं नव्हता, कंठांस आधार देण्यासाठीं होता. वेणुवादकाच्या गुणांत गायकांस स्थान देणें व त्यांचे दोष झांकणें हे गुण मोजले आहेत, त्यांचा अर्थ येथें उलगडतो.

कनिष्ठ वृंदांतील दोन वेणु व मृदंग यांची जोडी पोथीपुरती नाहीं. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यांत महाजनक जातकाच्या चित्रांत नर्तकीभोंवतीं ज्या वादक स्त्रिया आहेत त्यांत दोघींच्या हातीं आडव्या बांसऱ्या आहेत. बाकीच्या मृदंग, झांज इत्यादि वाजवीत आहेत. हें लेणें वाकाटक हरिषेणाच्या काळचें, म्हणजे इ. स. च्या पांचव्या शतकाच्या उत्तरार्धाचें. म्हणजे शार्ङ्गदेवानें सांगितलेली वेणूंची जोडी त्याच्या पूर्वीं साडेसातशें वर्षें चितारली गेली होती. औरंगाबादच्या (आतां छत्रपती संभाजीनगर) सातव्या लेण्यांतील नृत्यपटांतही वादक स्त्रियांत बांसरी आहे. वाकाटकांची दुसरी शाखा रामटेकाशेजारच्या नंदिवर्धनास, म्हणजे आजच्या नगरधनास राज्य करीत होती. रामटेक हाच मेघदूतांतील रामगिरि, हें मत महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं हिरीरीनें मांडिलें. त्या काव्यांत वाऱ्यानें भरलेले कीचक वेळू, गाणाऱ्या किन्नरी व मृदंगासारखा गर्जणारा मेघ यांचा मेळ जमून शिवाचें संगीत पूर्ण होतें, अशी कल्पना आहे. वेणु, कंठ, मृदंग : वृंदाचीं तीनही अंगें कवीनें निसर्गांतून उभीं केलीं आहेत.

या सर्व मिश्र वृंदांहून वेगळा असा जो वांशिकवृंद, तो वाद्याध्यायांत येतो. त्यांत मुख्य वेणुवादक एक व त्याचे अनुयायी चार. नुसत्या वेणुवादकांचा हा स्वतंत्र ताफा होय, आणि आरंभीं सांगितलेल्या पहिल्या समजास याहून स्पष्ट उत्तर नको. पांचही वेणु एकाच मापाचे कीं निरनिराळ्या, असा प्रश्न कोणी करील. वृंदाचे सहा गुण ग्रंथांत दिले आहेत. ते लावून पाहिले तर उत्तर मिळतें. मुख्याचें अनुसरण, परस्परांत मिसळणें, तालास लागून चालणें, एकमेकांच्या तुटलेल्या जागा भरून काढणें, तिन्ही स्थानांत संचार करण्याची शक्ति, आणि ध्वनीचें सादृश्य. सादृश्य हा गुण ठरला म्हणजे पांचांचें माप एकच असलें पाहिजे. महानंदाशेजारीं आदित्य वाजूं लागला तर सूर जुळविण्यासाठीं प्रत्येकास निराळीं बोटें लावावीं लागतील, व कंपिता, अर्धमुक्ता या गति पांचांच्या एकाच छिद्रावर पडणार नाहींत. एकाच रागांत, एकाच मापाच्या पांच नळ्यांवर पांच जणांचीं बोटें एकाच वेळीं अर्धीं उचललीं जात आहेत, असें चित्र डोळ्यांपुढें आणावें. तें साधावयास किती वर्षांचा अभ्यास लागत असेल!

चौथा गुण, ज्यास ग्रंथांत मिथस्त्रुटितनिर्वाह म्हटलें आहे, तो वेणुवादकांस जितका लागू पडतो तितका कोणासही नाहीं. वीणेस श्वास लागत नाहीं. वेणूस लागतो, आणि श्वास घेतांना सूर तुटतो. एकाचा तुटला तेथें दुसऱ्यानें धरावा, दुसऱ्याचा तुटला तेथें तिसऱ्यानें. ऐकणारास धार अखंड वाटावी. पांच जण लागतात ते यासाठीं. आवाज मोठा करणें हा हेतु असता तर ग्रंथकारानें पांचांवर थांबण्याचें कारण नव्हतें, आणि थांबला नसता तर स्वतःच दिलेल्या कोलाहल या नांवास पात्र झाला असता.

या सगळ्याचा भिवापुराशीं संबंध काय, असें विचारलें जाईल. नागपूर जिल्ह्याच्या आग्नेय कोपऱ्यांतील हें गांव मिरचीसाठीं प्रसिद्ध. नागपूर-नागभीड या अरुंद लोहमार्गावर, जो 2019 सालीं रुंदीकरणासाठीं बंद करण्यांत आला, येथें ठाणें होतें. पूर्वेस वैनगंगेच्या कांठीं प्राचीन पवनी. तेथील स्तूपाचें उत्खनन 1969–70 सालीं झालें. तेथून पुढें झाडीमंडळ. यादवांची सत्ता या टापूस अपरिचित नव्हती. रामचंद्रदेवाच्या काळचा लेख रामटेकच्या लक्ष्मणमंदिरांत आहे, आणि शके 1232 च्या, म्हणजे इ. स. 1310 च्या पुरुषोत्तमपुरी ताम्रपटांत त्यानें भाण्डागार व वज्राकर येथील राजांस जिंकल्याचें लिहिलें आहे. भाण्डागार म्हणजे भंडारा व वज्राकर म्हणजे वैरागड, ही ओळख मिराशी यांनींच पटविली. तेव्हां देवगिरीची राजमुद्रा जेथपर्यंत पोहोंचली त्या मुलुखाच्या वाटेवरचें हें गांव आहे.

आणि या मुलुखांत बांसरीचा ताफा आजही निघतो. दिवाळीच्या पाडव्यास गायगोधनाच्या वेळीं गोवारी लोक ढाल घेऊन निघतात. उंच वेळूस मोरपिसें लावून सजविलेली ती ढाल, पुढें डफ व बांसरी, आणि मागें नाचणारी मंडळी. रसेल व रायबहादुर हिरालाल यांच्या 1916 सालच्या ग्रंथांत गोवारी ही मराठी मुलुखांतील गुरें राखणारी जात म्हणून नोंदली आहे. वर्तमानपत्रांतून या समाजाचें नांव सर्वांस कळलें तें 23 नोव्हेंबर 1994 रोजीं, नागपुरास विधानभवनावर नेलेल्या मोर्च्यांतील चेंगराचेंगरींत 114 माणसें मृत्यु पावलीं तेव्हां. त्यांची बांसरी मात्र कोणी लिहून ठेविली नाहीं. ढालीपुढील बांसरी देवगिरीच्या वांशिकवृंदापासून निघाली असें आम्ही म्हणत नाहीं; तसें म्हणणें हा इतिहास नसून कवित्व होईल. प्रवाह उलट दिशेचा असणें अधिक संभवतें. शार्ङ्गदेव सुषिर वाद्यांत वंशाच्या पाठोपाठ पाव, पाविका व मुरली यांचीं लक्षणें देतो. पाविका बारा अंगुळांची व पांच स्वररंध्रांची. मुरली दोन हातांची, मुखरंध्राखेरीज चार स्वररंध्रांची. हीं सात रंध्रांच्या शास्त्रीय वेणूच्या पंगतींत न बसणारीं, लोकांच्या हातचीं वाद्यें. पाव हा शब्द तर संस्कृताचा वेष घेतलेला आमचा पांवाच. दरबारच्या पंडितानें गुराख्याची नळी पाहिली, मोजली व ग्रंथांत नोंदली, एवढें यावरून निश्चित होतें.

पन्नालाल घोष 1940 सालीं मुंबईस आले, सुमारें बत्तीस इंचांची लांब बांसरी त्यांनीं ख्यालगायकीस योग्य करून घेतली, आणि 1956 पासून आकाशवाणीच्या दिल्ली येथील वाद्यवृंदाचें संचालन केलें. त्यांनीं बांसरीस रानांतून मैफलींत आणिलें असें म्हणण्याचा प्रघात आहे. त्यांच्या कर्तृत्वास बाध न आणतां इतकें म्हणतां येईल कीं, त्यांनीं तिला परत आणिलें. अठरा अंगुळांच्या वेणूंत एकवीस अंगुळें सोडून मग बोटें ठेवावीं लागत. लांब नळीचा मंद्र सूर व त्यासाठीं ताणलेला पंजा हे दोन्ही प्रश्न शार्ङ्गदेवाच्या काळींही होतेच.

संग्राहकांपाशीं संगीतविषयक सुटीं पानें पुष्कळ पडलेलीं असतात. त्यांत वसु, नाथेंद्र, मनु, कलानिधि हे शब्द एकापाठोपाठ आढळले तर तें ज्योतिषाचें पान समजून दुसऱ्या बस्त्यांत बांधूं नये. नाथेंद्रानंतर महानंद आला कीं तें वेणूचें पान समजावें. आणि गायगोधनाच्या दिवशीं जो कोणी भिवापूर, उमरेड किंवा पवनीकडे असेल त्यानें ढालीपुढील बांसरीचीं रंध्रें किती, मुखरंध्रापासून पहिलें छिद्र किती अंगुळांवर, आणि वाजविणारे एकाच मापाच्या नळ्या घेतात कीं काय, हीं तीन मापें टिपून घ्यावीं. हीं मापें रत्नाकरांतील पाविकेच्या व मुरलीच्या मापांशेजारीं मांडून पाहतां येतील.